सांगू की खरं सांगू?

मुंब्र्यात आम्ही काही जण रविवारी दुपारी वाचनकट्टा भरवतो. जागा म्हणजे एका कोचिंग क्लासची खोली, रविवारी रिकामी असते म्हणून मिळते. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी काही ठरलं नव्हतं, म्हणून मी सोपासा प्रश्न टाकला : सध्या तुमचा आवडता लेखक कोण? एकेकाने सांगायचं आणि पुढे जायचं.

आम्ही चौदा जण होतो. पहिला मुलगा म्हणाला, पु. ल. देशपांडे. दुसरी म्हणाली, 'मृत्युंजय'वाले शिवाजी सावंत. तिसऱ्याने इक्बालचं नाव घेतलं, चौथ्याने गालिबचं. सगळी नावं मोठी. पाचवी नर्सिंगला असलेली मुलगी. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आपा, सांगू की खरं सांगू?"

सगळे हसले. मी म्हटलं, "खरंच सांग."

"उमेरा अहमद. 'पीर-ए-कामिल' दोनदा वाचलीय. मोबाईलवर, रोमनमध्ये. उर्दू लिपी येत नाही मला. नाइट ड्युटीला वाचते."

त्यानंतर आधीच्या चौघांनी आपलं उत्तर बदलायची परवानगी मागितली. गालिबवाला म्हणाला, गालिबचे शेर स्टेटसला ठेवतो, पण वाचतोय 'रिच डॅड पुअर डॅड'. इक्बालवाला जपानी मांगा वाचतो, 'वन पीस'. 'मृत्युंजय' सांगणारीने ते नववीत वाचलं होतं. आता तिच्या पिशवीत एलिफ शफाक होती. पु. लं.चं नाव घेणारा मुलगा मात्र म्हणाला, "माझं बदलायचं नाही. 'बटाट्याची चाळ' मी खरंच तीनदा वाचलंय."

त्या दुपारी मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, साध्या प्रश्नालाही आपण आधी बरं दिसेल असं उत्तर देतो. दुसरी मला घरी आल्यावर जाणवली. चौदा जणांच्या खोट्या यादीत आणि खऱ्या यादीत मिळून मराठीत लिहिणारा एकही मुसलमान लेखक नव्हता. शाळेत मराठी शिकलेल्या, आपसात मराठी बोलणाऱ्या चौदा मुसलमान मुलामुलींच्या यादीत. आणि त्यात मीही आले, कारण मी सांगितलं होतं जी. ए. कुलकर्णी.

हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. पण पहिली समजल्याशिवाय दुसरी समजत नाही.

आपल्याला हा प्रश्न विचारला जातो तेव्हा तो बऱ्याचदा वाचनाबद्दलचा नसतोच. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत माझा अर्ज वाचून एका गृहस्थांनी विचारलं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं काय?" मी म्हटलं, "सर, मी चिपळूणची." ते हसले आणि म्हणाले, "वा! मग मराठीतला आवडता लेखक कोण?" मी लगेच कुसुमाग्रज सांगून मोकळी झाले. त्या वेळी मी कुसुमाग्रज पाठ्यपुस्तकापलीकडे वाचलेले नव्हते. पण मला परीक्षा कळली होती, आणि पास व्हायचं होतं.

त्याच वर्षी एका लग्नात एका मामूंनी विचारलं, "काय वाचतेस?" मी एका मराठी कादंबरीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "उर्दू सोडलीस वाटतं." सोडायला ती आमच्या घरात होती कुठे? घरात कोकणी, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरं आणि टीव्हीवर हिंदी. पण तिथेही पास व्हायचं होतं. पुढच्या लग्नात मी गालिब सांगितला.

एकीकडे आपण पुरेसे मराठी आहोत हे दाखवायचं, दुसरीकडे पुरेसे मुसलमान आहोत हे. या दोन परीक्षांच्या मधल्या जागेत ज्यांनी लिहिलं, ते लेखक दोन्हीकडे उपयोगाचे नाहीत. मुलाखतीत त्यांचं नाव घ्यावं तर समोरच्याला माहीत नाही. लग्नात घ्यावं तर भुवया उंचावतात. मग ते नाव पुढच्या पिढीपर्यंत पोचणार कसं?

माझंच उदाहरण देते. मिरजोळी चिपळूणला लागून आहे. आमच्या घरून रिक्षाने जाता येतं. हमीद दलवाई त्या गावचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते लेखक आहेत हे माहीत नव्हतं. आमच्याकडे त्यांचं नाव हळू आवाजात घेतलं जायचं, आणि नंतर विषय बदलला जायचा. 2013च्या जानेवारीत चिपळूणला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा मी बारावीत होते. दलवाईंच्या मिरजोळीच्या घरापासून ग्रंथदिंडी काढायचा बेत होता. स्थानिक मुसलमानांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. घरी त्यावर बरीच चर्चा झाली. मोठी माणसं तावातावाने बोलत होती. त्यांपैकी कुणी दलवाईंची एक तरी गोष्ट वाचली होती का, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. मीही वाचली नव्हती.

वाचली ती पुढे सात-आठ वर्षांनी, मुंबईत. 'लाट' हा कथासंग्रह 1961चा आणि 'इंधन' ही कादंबरी 1965ची. मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना 1970ची. म्हणजे ज्या दलवाईंवर आपल्याकडे भांडणं होतात त्यांच्या आधी एक कथाकार होता. 'इंधन'मध्ये बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला एक माणूस आहे, आणि हळूहळू धुमसत जाणारं एक कोकणी गाव. ती वाचताना मला विचारांपेक्षा आधी गाव भेटलं. आपल्या घरांतली माणसं मराठी कादंबरीत कुणाची तरी शेजारी म्हणून नव्हे, तर घरची माणसं म्हणून वावरताहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ती माणसं गोड नाहीत. मत्सरी आहेत, भित्री आहेत, कधी चांगली आहेत.

दलवाईंच्या सगळ्या मतांशी मी सहमत आहे का? नाही. काही ठिकाणी मला त्यांच्याशी कडकडून भांडायचं आहे. पण आता माझ्याकडे भांडायला माणूस आहे, नुसतं नाव नाही. त्यांना डोक्यावर घेणारे आणि त्यांच्या नावाने बोटं मोडणारे यांच्यात एक गोष्ट मला समान दिसते : दोघांपैकी फार थोड्यांनी 'इंधन' वाचलेली असते.

मग मी शोधत गेले, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा शेल्फ भरलेलं निघालं.

सध्या माझ्या उशाशी मलिका अमर शेख आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांचा आवाज गाजला त्या शाहीर अमर शेखांची ही मुलगी, आणि कवी नामदेव ढसाळांची पत्नी. लोक त्यांची ओळख अशीच करून देतात, वडील आणि नवरा सांगून. पण 'वाळूचा प्रियकर' वाचा. आणि 1984 साली आलेलं आत्मकथन 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचा. ते आलं तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्या घरातही बाईच्या वाट्याला काय येतं, हे इतक्या थेट मराठीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. 2016मध्ये जेरी पिंटो यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मग इंग्रजी वाचणाऱ्या माझ्या मैत्रिणी मला विचारू लागल्या, "ही वाचलीयस का?" आपल्या भाषेतलं पुस्तक आपल्याला इंग्रजीकडून कळावं, याची लाज वाटली.

त्याच्या शेजारी मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' ठेवा. चळवळ करणाऱ्या माणसाचा संसार कुणी ओढला हे चळवळीच्या इतिहासात सहसा सापडत नाही, इथे सापडतं. त्याच्या शेजारी रझिया पटेल यांचं 'चाहूल'. मुसलमान बायकांनी सिनेमाला जायचं नाही, असा फतवा निघाला तेव्हा 1982मध्ये जळगावात त्याविरुद्ध उभी राहिलेली ही मुलगी. आणि त्याच्या शेजारी नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची'. या पुस्तकात मुसलमान असणं हा विषयच नाही. चालता न येणाऱ्या एका मुलीने कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था कशी उभी केली, हा विषय आहे. मला ते त्यासाठीच आवडतं. आपण दरवेळी आपल्या असण्याचा खुलासा करत बसायला हवं असं नाही, हे ते पुस्तक न सांगता सांगतं.

ज्यांना रडकथा नको असतात त्यांना मी शफाअत खान यांची नाटकं देते. 'मुंबईचे कावळे' आणि 'शोभायात्रा'. हसता हसता घशात अडकतात. गझल आवडणाऱ्यांना इलाही जमादार. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचा हा माणूस 2021मध्ये गेला. मराठी गझलेच्या मैफलीत त्यांचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही, पण आमच्या कट्ट्यावर गालिब सांगणाऱ्या मुलाने ते ऐकलंही नव्हतं. आणि ज्यांना वाटतं की हे सगळं आजकालचं आहे त्यांच्यासाठी श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' लिहिणारे हे संतकवी वारकऱ्यांना आपले वाटतात. आपल्याला ते आपले वाटतात की नाही, हे आपण कधी स्वतःला विचारलेलंच नाही.

1990 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी पुण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष कवी फ. म. शहाजिंदे. एकाच वर्षी दोन्ही दारं उघडली होती. आपल्यापैकी बहुतेक जण त्यानंतर जन्मलो आणि आपल्याला वाटतं की ती दारं कधी नव्हतीच.

आता यावर एक प्रश्न येतो. कट्ट्यावर तो 'वन पीस'वाल्याने विचारला : "आपा, म्हणजे आता लेखकाचा धर्म बघून वाचायचं का?"

नाही. मी जी. ए. सोडलेले नाहीत. 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरात मला माझा भाऊ दिसतो आणि त्यासाठी दोघांचा धर्म एक असावा लागत नाही. उमेरा अहमद वाचणाऱ्या मुलीला मी कमी लेखत नाही. रात्रपाळीत डोळे मिटत असताना जे पुस्तक माणसाला जागं ठेवतं, ते त्याच्यासाठी मोठंच. मांगा वाचणाराही वाचतोच आहे. आवडता लेखक म्हणजे रेशनकार्ड नव्हे की त्यावरून कुणी आपला पत्ता तपासावा.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही शंभर पुस्तकं वाचलीत आणि तुमच्या घरासारखं घर त्यांतल्या एकातही आलं नाही, तर हळूहळू मनात एक समजूत बसते की आपलं घर पुस्तकात येण्यासारखं नाही. मला ती बसली होती. कॉलेजच्या नियतकालिकासाठी मी एक कथा लिहिली होती. तिच्यात नायिकेचं नाव मी अश्विनी ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, मराठी कथेतल्या मुलीचं नाव असंच असतं. त्या कथेतली आई सकाळी तुळशीला पाणी घालते. आमच्याकडे तुळस नव्हती. माझी अम्मी सकाळी काय करते हे मला माहीत होतं, पण ते लिहायचं असतं हे माहीत नव्हतं. 'इंधन' त्या वयात हातात पडली असती तर ती कथा वेगळी झाली असती. चांगली झाली असती असं म्हणत नाही. माझी झाली असती.

दुसऱ्या भाषांमध्ये काय घडलंय ते बघा. केरळात वैकोम मुहम्मद बशीर मल्याळममध्ये लिहीत होते. त्यांच्या माणसांची भाषा घरची, मुसलमानी वळणाची, व्याकरणाच्या पुस्तकात न बसणारी. शाळामास्तर असलेला धाकटा भाऊ व्याकरणावरून त्यांना झापतो, हा प्रसंग त्यांनी 'पाथुम्माची शेळी' या पुस्तकातच घालून टाकला. आज बशीर कुणाचे, असं केरळात विचारून बघा. सगळ्यांचे. त्यांनी घरची भाषा झाकली नाही म्हणून ते सगळ्यांचे झाले.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात सारा अबूबकर यांची मातृभाषा मल्याळम, लिहिलं कन्नडमध्ये. हासनच्या बानू मुश्ताक यांच्या घरची बोली दख्खनी, त्याही लिहितात कन्नडमध्ये. त्यांच्या बारा कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला 2025मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. अनुवाद दीपा भास्ती यांचा. त्या कथांत मोहल्ला आहे, मशीद आहे, तलाक आहे, पोरवडा आहे, आणि बायकांचा राग आहे. घरची बोली एक आणि राज्याची भाषा दुसरी, ही आपलीच स्थिती. सोलापूर, सांगली, लातूरच्या किती घरांत दख्खनी बोलली जाते! बानू मुश्ताक यांना बक्षीस मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी बातमी फॉरवर्ड केली. मराठीतली बानू मुश्ताक कोण, हे मात्र आपण एकमेकांना विचारलं नाही. कदाचित ती कुठल्याशा नर्सिंग कॉलेजात रोमन उर्दू वाचत बसली असेल.

आणि उर्दूकी मराठी असं एक निवडायलाच हवं, असंही नाही. पनवेलला जन्मलेले सलाम बिन रज्जाक मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. कथा उर्दूत लिहिल्या, 2004मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला आणि मराठीतलं साहित्य उर्दूत नेलं. 2024मध्ये ते गेले. दोन भाषांमध्ये ये-जा करत आयुष्य काढता येतं, याचं उदाहरण आपल्या लोकलच्या अंतरावर होतं.

लेखक होते, आहेत. मग त्यांची पुस्तकं पोचली का नाहीत? दुसऱ्यांनी काय केलं नाही याची यादी मोठी करता येईल. पाठ्यपुस्तकं, प्रकाशक, समीक्षक, सगळ्यांकडे बोट दाखवता येईल आणि ते चूकही नसेल. पण एक काम आपलंही होतं. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हाच टिकतं. आपण दागिने मुलींना देतो, जमिनीचे कागद मुलांना देतो. पुस्तक कुणी कुणाला दिलं? माझ्या घरात नानीच्या हातची लोणच्याची बरणी तीन पिढ्या आली. दलवाईंची कथा, जिचं गाव शेजारी होतं, एकदाही आली नाही.

म्हणून आमच्या कट्ट्यावर आम्ही तीन साध्या गोष्टी सुरू केल्यात. तुमच्या गावात जमतील तर बघा.

एक, महिन्यातून एकदा प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. कुठल्याही लेखकाचं. फक्त आपण स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं हवं. इथे शोभेची नावं आपोआप गळून पडतात.

दोन, जवळच्या वाचनालयाचं सभासद व्हायचं आणि हवी ती पुस्तकं तिथे लेखी मागायची. मागितल्याशिवाय ग्रंथपालाला कळणार कसं? चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 1864चं आहे. 22 जुलै 2021च्या पुरात तिथल्या पुस्तकांचं काय झालं ते आम्ही चिपळूणकरांनी पाहिलंय. चिखलातून काढलेलं पुस्तक हातात धरून बघा, मग कळतं की पुस्तक आपोआप राहत नाही. कुणीतरी ते ठेवावं लागतं.

तीन, जिवंत मराठी लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ फिरवायची नाही. तीनशे रुपये जास्त वाटले तर तिघांनी मिळून घ्यायचं. आपल्याच लेखकांना आपणच विकत घेतलं नाही, तर त्यांचं दुसरं पुस्तक कोण छापणार?

नर्सिंगवाल्या मुलीला मी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' दिलं होतं. ती तीन रविवार आली नाही. मला वाटलं, नको ते पुस्तक दिलं. चौथ्या रविवारी आली आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "आपा, हे वाचून मला खूप राग आला."

"कुणाचा?"

"आधी नवऱ्याचा. मग तिचा. निघून का नाही जात, म्हणून. मग वॉर्डात एक बाई आली होती, हात मोडलेला. पायरीवरून पडले म्हणाली. मला एरवी खरं वाटलं असतं."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग तिने विचारलं, पुस्तक अजून थोडे दिवस ठेवू का, तिच्या अम्मीला वाचून दाखवायचंय, अम्मीला मराठी वाचता येत नाही पण कळतं. मी म्हटलं ठेव. ते पुस्तक अजून परत आलेलं नाही, आणि मी मागितलेलंही नाही.

आता तुमची पाळी. सध्या तुमचा आवडता लेखक कोण? मोठं नाव नको, पास व्हायचं नाहीये. रात्री झोपण्याआधी खरंच ज्याचं पान उघडता, त्याचं नाव सांगा. आणि ते सांगून झालं की तुमच्या गावाजवळच्या, तुमच्यासारख्या घरातल्या, मराठीत लिहिणाऱ्या एका माणसाचं नाव शोधून काढा. या महिन्यात एकच पुस्तक वाचा. आवडलं नाही तर तसं सांगा. पण न वाचता सांगू नका.